साडूच्या सायकली आत, माझ्या बाहेर

मोटारहोमने फिरायला जायची कल्पना माझी नाही, हे आधीच सांगतो. ती हेमंतची. हेमंत माझा साडू, सुलभाच्या धाकट्या बहिणीचा म्हणजे वृंदाचा नवरा. गुडगावला सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या खुर्चीवर आहे आणि राहतोही तितकाच वर, एका उंच टॉवरमध्ये. त्या टॉवरच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या माझ्या कारखान्यातल्या. मी साताऱ्याहून दिल्लीत आलो तेव्हा तिथे मोहरी डोलत होती. पुढे धोरणं बदलली, बाहेरच्या कंपन्या आल्या, शेतं गेली, काचा आल्या, आणि त्या काचांवर माझं बरं चाललं. हेमंत मागून आला, कंपनीच्या तिकिटावर विमानाने, आणि थेट काचेच्या आत जाऊन बसला. मी अजून मयूर विहारच्या सोसायटीत आहे. वाईट काही नाही, मेट्रो जवळ आहे. पण साडू तो साडू.

तर संक्रांतीला तिळगूळ देता देता हेमंत म्हणाला की कंपनीने त्याला दोन घडीच्या ई-सायकली भेट दिल्यात. आता मोटारहोम भाड्याने घ्यायची, पानिपत आणि कर्नाल करून यायचं, दोन रात्री गाडीतच झोपायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुम्ही आणि ताई पण चला ना यार. मागचा बेड तुमचा."

मागचा बेड तुमचा. प्रेमानेच म्हणाला असेल. पण मला ते ऐकताना उरलेली भाजी वाढल्यासारखं वाटलं. पुढच्याच आठवड्यात मी दोन ई-सायकली घेऊन आलो. घडीच्या नाहीत, पूर्ण मापाच्या, रुंद टायरच्या, चकचकीत निळ्या. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही.

सुलभाने हँडलवरून हात फिरवला, घंटी वाजवून बघितली, आणि संध्याकाळी बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, ह्यांनी माझ्यासाठी सायकल आणली. मी पेपर वाचत होतो, वाचत राहिलो. त्या दिवसापासून ती सकाळी खाली पार्किंगमध्ये जाऊन शिकायला लागली. वॉचमन कुत्री हाकलायचा आणि ही खांबांमधून फेऱ्या मारायची, असं शेजाऱ्यांकडून कळलं.

ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांच्यासाठी आता कामाचं बोलतो. बेताच्या ताकदीच्या, हळू चालणाऱ्या ई-सायकलीला नंबर लागत नाही, नोंदणी नाही, म्हणून गाडीसारखा सक्तीचा विमाही नाही. लोकांना वाटतं मोटारहोमचा विमा आहे म्हणजे मागे टांगलेल्या सायकलीही त्यात आल्या. नाही येत. घराचा विमा असेल तर तोही बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आतच चालतो. सायकलीचा वेगळा विमा मिळतो, त्याच्या अटी चहा घेऊन शांतपणे वाचा. सायकल जमिनीत किंवा गाडीत पक्क्या बसवलेल्या वस्तूला कुलपाने बांधलेली हवी. चोरी झाली तर कुलूप तोडल्याची खूण हवी, पोलिसांचा कागद हवा, फ्रेमवरच्या नंबराचा फोटो हवा. नुसतं चाकात कुलूप घालून सायकल उभी केली असेल, तर कंपनी फार गोड आवाजात नाही म्हणते. मी हे सगळं वाचलं होतं. एजंटकडून पॉलिसी काढून घेतली होती. माझ्यासारखा सावध माणूस नाही, असं मलाच वाटत होतं.

निघालो शनिवारी सकाळी, गुडगावहून. मोटारहोम म्हणजे लांब व्हॅनच्या पोटात केलेली एक खोली. दोन बेड, ओटा, छोटा फ्रिज, आणि ज्याला बाथरूम म्हणायचं ते कपाट. भाडं दिवसाला चांगल्या हॉटेलच्या दोन खोल्यांइतकं, डिझेल वेगळं. गाडी हेमंतच्या नावावर घेतलेली, त्यामुळे चालवणार तोच. त्याच्या घडीच्या सायकली बेडखाली गुपचूप सरकल्या. माझ्या मागच्या रॅकवर चढल्या. बॅटऱ्या काढून आत घ्या, हे लक्षात ठेवा. वजन निम्म्याने कमी वाटतं आणि चोराला बिनबॅटरीची सायकल म्हणजे बिनदाण्याचं कणीस. मी एक जाड साखळी, एक यू-लॉक आणि वर आणखी एक वायरचं कुलूप लावलं. हेमंत बघत उभा होता. "दादा, उतरवायच्या आहेत ना कधी?" म्हणाला. मी हसलो. मागच्या गाड्यांतले लोक माझ्या निळ्या सायकली बघत येणार, ह्याचंच मला बरं वाटत होतं.

मुरथलच्या अलीकडे पोलिसाने हात केला. गाडीभोवती फेरी मारून मागे थांबला आणि मला खाली बोलावलं. "ताऊ, नंबर कित सै? साइकिल दिखाण आए हो के गाड्डी?" माझ्या सायकलींनी नंबर प्लेट पुरती झाकली होती, वर मागचा एक लाल दिवाही. हे तुम्ही करू नका. रॅकवर लावायला वेगळी प्लेट आणि दिवे मिळतात, गाडी देणाऱ्याकडून आधीच मागून घ्या. चलान फाटलं ते हेमंतच्या नावावर, कारण चालवणारा तो. खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. तेवढ्यात सुलभाने माझ्याकडे बघितलं आणि मी निमूट पाकीट काढलं.

मुरथलला पराठे खाल्ले, त्यावर लोण्याचा गोळा. गोबीचा घ्या, आलूचा घरीही होतो. हेमंतने लस्सी बिनसाखरेची मागितली तेव्हा वेटरने त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

पानिपतला पोचायला दुपार झाली. मराठी माणूस काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, गेला की न सांगता आवाज खाली आणतो. आम्हीही आणला. त्या स्तंभापाशी उभं राहून हेमंत इतिहास सांगायला लागला, तारखांसकट, आणि दोघी बहिणी ऐकत होत्या. मला तेवढं येत नाही. मी मनात म्हटलं, आपण जरा एजंटला फोन करून घेऊ, रात्री सायकली बाहेरच राहणार आहेत.

एजंट दिल्लीचा, गोड बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाईसाब, फर्म के काम से गए हो क्या?"

मी म्हटलं, नाही, फिरायला आलोय, बायकोला घेऊन.

"फिर तो दिक्कत है. बिल फर्म के नाम, पॉलिसी फर्म के नाम. ये तो धंधे के इस्तेमाल की है जी."

धंद्यातल्या माझ्या भावांनो, इथे नीट वाचा. आपण काय करतो? फ्रिज घेतला, बिल फर्मच्या नावावर. मिक्सर घेतला, तोही. टॅक्स परत मिळतो म्हणून. मी सायकलींनाही तेच केलं, हात सवयीने गेला. आता माझ्या कारखान्याच्या दोन सायकली पानिपतच्या रणांगणावर कोणत्या कामासाठी आल्या होत्या, हे मी कोणाला पटवणार? म्हणजे निळ्या सायकलींना त्या घडीला कुणाचं छत्र नव्हतं. ना गाडीचं, ना घराचं, ना पॉलिसीचं. मी हे कुणाला सांगितलं नाही. हेमंतला तर नाहीच.

रात्र एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या आवारात काढली. चादरी आणि पडदे बनवतो, त्याच्या ऑफिसच्या खिडक्याही माझ्याच. फाटक बंद होतं, कुत्रा होता. मोटारहोमवाल्यांनी अशी जागा आधी ठरवावी, ढाब्यामागे गाडी लावून निश्चिंत झोप लागत नाही. मला तिथेही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कर्नालकडे निघालो. हायवे सोडून कालव्याच्या कडेने एक अरुंद, सावलीचा रस्ता जातो. एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या कडुलिंबाखाली गाडी लावली. हवेत गारवा, एका बाजूला गव्हाचा हिरवा पट्टा, दुसरीकडे पाणी. हेमंतने खट् खट् करून त्याच्या सायकली उघडल्या. सुलभा माझ्यापाशी आली. कमीजवर स्वेटर, ओढणीला घट्ट गाठ मारलेली. म्हणाली, काढा ना आपल्या.

मी म्हटलं, इथे नको. रस्ता कच्चा आहे. पडली, काही झालं, कोणी घेऊन गेलं तर विमा लागू नाही, कागदात थोडी गडबड आहे. घरी जाऊन नीट करतो.

ती थोडा वेळ रॅककडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती कुणासाठी आणली होती?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच. पण कागद होऊ दे.

"बरं," म्हणाली.

तेवढ्यात हेमंत आलाच. "ताई, ही घ्या, बिल्कुल हलकी आहे." आणि ती गेली. सुरुवातीला डुगडुगली, मग सरळ झाली. पुढे हेमंत, मागे ही. कालव्याच्या वळणापर्यंत मला दिसत होती. वळण घेताना तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. ते हसणं मला इथपर्यंत ऐकू आलं. इतकी वर्षं घरात आहोत, असं हसणं मी कधी ऐकलं होतं ते आठवेना. आजवर मी साडूच्या फ्लॅटवर जळलो, गाडीवर जळलो, इंग्रजीवर जळलो. पण हे जळणं वेगळं होतं.

मी घडीची खुर्ची टाकून माझ्या सायकलींच्या समोर बसलो. वृंदाने चहा टाकला. तिच्या तोंडात पूर्वी भाऊजी होतं, दिल्लीने त्याचं जीजू केलं.

"जीजू, इकडे वळून बसा. सायकली कुठे जात नाहीत. तुम्ही त्यांना सोडलंच कुठे?"

मी म्हटलं, हसून घे.

पण ती हसत नव्हती. चहाचा कप देऊन ती शेजारी बसली आणि सांगायला लागली. साताऱ्याला वडिलांनी सायकल आणली ती वृंदासाठी, कॉलेज लांब होतं म्हणून. सुलभाचं लग्न ठरत आलेलं, तिला कशाला? वृंदा चालवायची आणि मोठी बहीण मागे कॅरिअरवर बसायची, पाय एका बाजूला सोडून.

"मी कितीदा म्हटलं, ताई घे. कधी घेतली नाही. कधी मागितली पण नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने सायकल मागितली ती आत्ता, तुमच्याकडे."

मी चहा तसाच खाली ठेवला.

तीन कुलुपांच्या तीन किल्ल्या मी सुरक्षेसाठी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. एक पाकिटात, एक औषधांच्या डब्यात, आणि तिसरी कुठे ते मलाच सापडेना. शेवटी ती शेव्हिंगच्या पिशवीत निघाली. साखळी काढली, रॅकचे पट्टे सोडले, बॅटरी बसवली. हाताला ग्रीस लागलं. सायकल जमिनीवर टेकवली तेव्हा ते दोघं परत येत होते. सुलभाचा चेहरा लाल झाला होता.

मी म्हटलं, ही घे. चालव.

तिने चढायचा प्रयत्न केला आणि पाय जमिनीला पुरेना. सायकल कलली, मी धरली. मी म्हटलं, अगं, पार्किंगमध्ये तर रोज चालवतेस.

"तिथे ओटा आहे," ती म्हणाली. "ओट्यावर उभं राहून बसते. थांबताना ओट्यापाशीच थांबते. तुम्ही कधी खाली आलात?"

मी गेलो नव्हतो. विकत घेताना मी माझी उंची बघितली होती, दुकानदाराने कोण चालवणार म्हणून विचारलं तरी. आयुष्यभर लोकांच्या भिंतींची मापं घेतली, चौकटीत सुतभर फरक पडला तर कारागिराला बोललो. घरच्या माणसाचं माप घ्यायचं राहिलं.

सीट खाली करायला पाना हवा होता. माझ्याकडे कुलुपं तीन, पाना एकही नाही. हेमंतने त्याच्या पिशवीतून काढला आणि खाली बसून स्वतःच सीटचा नट पिळायला लागला. मी म्हटलं, दे इकडे. थोडं जोरातच म्हटलं असेन. त्याने पाना माझ्या हातात दिला. "हां दादा, तुम्हीच करा," म्हणाला, आणि दुसरी सायकल रॅकवरून उतरवायला मागे गेला. एवढं त्याला कळतं, हेही मला जरा खुपलंच.

सीट पार खाली घेतली. प्लास्टिक फाडून टाकलं. सुलभा बसली, दोन्ही पाय टेकवून बघितले, आणि निघाली. मी दुसरी घेऊन मागून गेलो. विमा नसलेल्या दोन सायकली कालव्याच्या काठाने चालल्या होत्या आणि मला पाणी दिसत होतं, घसरड दिसत होती, समोरून येणारा ट्रॅक्टर दिसत होता. मी मागून ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होतो. तिने एकदाही लावला नाही. ट्रॅक्टरवाल्यानेच बाजूला घेतला आणि हात वर करून तिला रामराम केला.

परतीचा रस्ता सोपा होता, सोनीपतनंतरची गर्दी सोडली तर. सोमवारी दुपारी मोटारहोम परत केली. परत करताना गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढा, नाहीतर जुना ओरखडा तुमच्या गळ्यात पडतो.

आता हिशेब. दुकानदाराला सांगून जुनी बिलं रद्द केली. तिच्या सायकलीचं बिल सुलभाच्या नावावर, माझ्या सायकलीचं माझ्या. टॅक्स परत मिळायचा तो गेला. एजंट म्हणाला, भाईसाब, घाटे का सौदा. असू दे म्हटलं. पॉलिसीही तिच्या नावावर झाली, फ्रेमच्या नंबराचा फोटो तिनेच काढून पाठवला. मोटारहोम पुन्हा घ्यावी का? घ्यावी, पण रॅक, प्लेट आणि बिल आधी बघून. साडूबद्दलचं जळणं गेलं असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. परवा वृंदाकडून कळलं की हेमंतला आता मोठ्या टायरची सायकल हवीशी झालीय, तेव्हा मी दुपारी दोन वाट्या आमरस जास्त घेतला.

सुलभा रोज सकाळी जाते, नोएडाच्या दिशेने, एकटीच. पहिले दोन दिवस मी बरोबर गेलो. मग तिने सांगितलं की मागून ओरडणार असाल तर येऊ नका. म्हणून मी आता फक्त गेटपर्यंत जातो. कोपऱ्यावर वळताना ती एकदा तरी मागे बघेल म्हणून उभा राहतो. अजून तिने बघितलेलं नाही.