नर्स होईन, असं मी बोलून गेले

बारावीचा निकाल लागून महिना झाला असेल, तेव्हा आमच्या तांड्यावर तीन गाड्या आल्या. फुलसावंगीहून आत, डांबर संपल्यावर थोडं चाललं की आमचा तांडा. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं आणि ते कसं बिनसलं हे विचारायला कुठून कुठून माणसं येत. आम्हाला सवय झाली होती. गाडी दिसली की याडी, म्हणजे माझी आई, चहाचं आधण ठेवायची आणि बापू धुतलेला सदरा घालायचे. ओसरी आमचीच मोठी, त्यामुळे बैठक आमच्याकडेच.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत एक चष्मेवाल्या मॅडम होत्या. अळी, बियाणं, भाव, सगळं वहीत उतरवून झाल्यावर त्यांनी कप उचलणाऱ्या मला थांबवलं. "बेटा, पुढे काय व्हायचंय तुला?"

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पण वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि हातातला ट्रे कलंडायला आला होता. समोरच्या भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पोस्टर होतं. त्यातली पांढऱ्या कपड्यातली बाई बाळाकडे बघून हसत होती.

"नर्स," मी म्हणाले.

मॅडमनी "वा!" म्हणत ते वहीत लिहून घेतलं. गाड्या गेल्या आणि ओसरीवर दुसरी बैठक भरली. घरी आम्ही गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतो, पण वाचणाऱ्याची अडचण नको म्हणून इथे वऱ्हाडीच लिहिते.

"कवा ठरवलं तू हे?" बापूंनी विचारलं.

"आत्ताच."

आमचे चुलत आजोबा तांड्याचे नाईक होते. तांड्यात कुणाचं काय करायचं हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. ते गंभीरपणे म्हणाले, "आता इलाज नाई. सरकारच्या वहीत गेलं ते. उद्या ते लोकं परत आले अन् पोट्टी कुठं हाये म्हनून इचारलं, तं काय सांगान तुमी?"

ती वही सरकारची नव्हती हे मला माहीत होतं. पण मी बोलले नाही. नाईकांची भीती माझ्या उपयोगाची आहे एवढं मला तेवढ्यात कळलं होतं.

आत्याला मात्र वहीची भीती नव्हती. "डी.एड. कर," ती म्हणाली. "पाच वाजले की शाळा सुटते. दवाखाना कवा सुटते काय? अन् लोकायचे हागने-मुतने कायले काढतं?" त्या वर्षी आमच्या भागातल्या सगळ्या मुली डी.एड.लाच निघाल्या होत्या. इतक्या शिक्षिकांना पुरतील एवढी मुलं कुठून येणार, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मला तो पडला होता, पण मुख्य म्हणजे मला लहान मुलं फारशी आवडत नव्हती.

याडी या वादात पडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने लुगडं वर करून गुडघा माझ्यासमोर ठेवला. "पाह्य बरं, काय झालं याले."

"याडी, अजून फॉर्म बी नाई भरला मी."

"मंग हात लावून पाहाले फॉर्म लागते काय?"

तिसऱ्या दिवशी शेजारची काकी कान घेऊन आली.

शेवटी बापूंनी तोडगा काढला. तालुक्याला, महागावच्या दवाखान्यात, त्यांच्या ओळखीच्या एक सिस्टर होत्या. एक दिवस त्यांच्याजवळ बसवून आणायचं, म्हणजे मुलीचं डोकं ठिकाणावर येईल, असा त्यांचा हिशेब. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा "चाल, माहिती घेऊ" एवढंच म्हणाले.

सिस्टर ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "कोन्या शहान्यानं सांगतलं तुले नर्स हो म्हनून?"

"मीच सांगतलं," मी म्हणाले.

"बस मंग तिथं. मधात बोलू नको."

मी स्टुलावर बसले. समोरच्या रांगेत आमच्या भागातले एक मोठे पुढारी होते, ज्यांना बघून बापू सायकलवरून उतरत. सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या, "भाऊ, पालथे व्हा." आणि भाऊ पालथे झाले! "हलू नका म्हटलं ना." भाऊ हलले नाहीत. आमच्या घरात माझं म्हणणं कोंबडीसुद्धा ऐकत नसे. माझ्या मनात सेवेचा भाव जागा झाला असं मी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितलं आहे, पण खरं सांगायचं तर जागा झाला तो असा हुकूम सोडायचा भाव.

दुपारी मात्र एका माणसाला तिघांनी हातापायांना धरून आणलं. कपाशीवर फवारणी करता करता पडला होता. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ येत होती आणि त्याच्या कपड्यांना औषधाचा उग्र वास होता. सिस्टर हातातलं टाकून धावल्या. डॉक्टरांना हाक गेली. सिस्टरांनी माझ्याकडे हातमोजे फेकले. "घाल. सदरा काढ त्याचा. कापून काढ, डोक्यावरून नको."

मी कात्रीने सदरा कापला. साबणाने त्याचे हात, मान, छाती धुतली. सिस्टर त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारत होत्या, इंजेक्शन देत होत्या, घड्याळ बघत होत्या आणि पुन्हा देत होत्या. मला भीती वाटत होती, पण हात चालू होते, याचं मलाच नवल वाटलं. दोनेक तासांनी त्याने डोळे उघडून बायकोला विचारलं, "माहा सदरा कुठं हाये?"

"या पोरीनं फाडला," सिस्टर म्हणाल्या आणि तेव्हा कुठे हसल्या.

मग त्यांनी मला चहा दिला आणि बापूंनाही आत बोलावलं. "दादा, मी तीन वर्षांचा डिप्लोमा केला. काम मले येते. पन काल आलेली डिग्रीवाली मले शिकवते, अन् मी 'हो मॅडम' म्हनतो. हिले पाठवत असान तं डिग्रीलेच पाठवा, नागपूरले. चार वर्षं लागतात, अन् सारं इंग्रजीत रायते."

बापू दुपारभर खिडकीतून बघत होते. तेही त्या माणसासारखेच, पायात काही न घालता, तोंडाला काही न बांधता फवारत. महागाव सुटल्यावर बसमध्ये त्यांनी विचारलं,

"इंग्रजीत नापास झाली तं?"

"तं मराठीत रडत घरी येईन."

ते हसले नाहीत. म्हणाले, "डिप्लोमा पुसदले होते म्हनतात. तिथून दर शनिवारी घरी येता येते."

मला पुसद जवळचं वाटलं, नागपूर फार लांबचं. दोन दिवस मी हो-नाही करत राहिले. कधी शनिवार आठवायचा, कधी "हो मॅडम" म्हणणाऱ्या सिस्टर. तिसऱ्या दिवशी सकाळी बापू पंप पाठीला लावून निघाले, तेव्हा मी त्यांना अडवून नाकातोंडाला फडकं बांधायला लावलं. कुरकुरत का होईना, त्यांनी बांधलं. मग मी म्हणाले, "डिग्रीच करतो." फडक्यातून ते काय म्हणाले हे मला नीट कळलं नाही. मी होकार धरला.

नागपूरकडच्या कॉलेजात मला जागा मिळाली. पहिले सहा आठवडे तर पलंगावरची चादर कोपऱ्यात कशी दुमडायची एवढंच शिकवलं. आत्याला हे कळू दिलं नाही. वर्षाच्या शेवटी शरीररचनेच्या पेपरात मी नापास झाले, तेही मराठीत रडायला वेळ न मिळता, कारण सप्लिमेंटरी, म्हणजे नापासांची फेरपरीक्षा, तोंडावर होती. तिच्यात पास झाले आणि तांड्यावरच्या एकुलत्या फोनवर बापूंना सप्लिमेंटरी पास झाले एवढंच कळवलं.

दिवाळीत घरी गेले, तर नाईकांपासून सगळे मला जरा वेगळ्याच मानाने बघत होते. याडीने सांगितलं की बापूंनी तांडाभर पेढे वाटले. "पोरीनं पयली परीक्षा तं देल्लीच," ते म्हणाले होते, "पन तिले वरची सप्लिमेंटरी बी द्याले लावली. सगळ्याइले नाई देऊ देत ती."

मी पेढा खाल्ला.