चांदसाहेबांचा हिरवा अंगठा

चांदसाहेब मुलाणी हा चांगला शिकलेला माणूस. सांगलीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला, आणि सही तर अशी झोकदार की पोस्टातला कारकून पासबुक सोडून सहीच बघत बसायचा. तरीही उंब्रजच्या बाजारात त्यांना सगळे अंगठाबहाद्दर म्हणायचे.

त्याला कारण होतं. चांदसाहेबांचं दुकान सर्व्हिस रोडला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. कॉम्प्युटरच्या पोटात एक लोखंडी डबा असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्या खादाडांना ज्याच्या त्याच्या पचनाप्रमाणे वाढायची, हे त्याचं काम. त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. हा डबा तपासून पास झाला की चांदसाहेब ट्रॉलीला लावायच्या हिरव्या ऑइलपेंटमध्ये अंगठा बुडवायचे आणि डब्याच्या बुडावर उठवायचे. सही करायची तर हात धुवावे लागतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण होता होता त्या अंगठ्याला असा भाव आला की कराडपासून कोरेगावपर्यंत लोक डबा उलटा करून बघायला लागले. हिरवा अंगठा असला तर घ्यायचा, नसला तर दुसरा दाखवा म्हणायचं.

तपासणी बघायलाही माणसं जमत. एक जुनं सागवानी दार भिंतीला टेकवलेलं, त्यावर जीपच्या हेडलाइटचे बल्ब ओळीनं ठोकलेले, आणि प्रत्येक बल्बला वेगळं बटण. हजार वॉटचा म्हणवणारा सप्लाय आला की त्याला दाराशी जोडायचं आणि एकेक बल्ब पेटवत जायचं. सगळे एकदम पेटवले तर चांगला सप्लायसुद्धा दचकून बंद पडतो.

"नव्या सुनंवर पहिल्याच दिवशी सगळ्या भावकीचा सैपाक टाकता का?" चांदसाहेब विचारायचे. "मग? ह्येला बी दमानं घ्यायचं."

एकेक बल्ब पेटत जायचा, दुकानात भरदुपारी लग्नाचा मांडव झाल्यासारखा उजेड पडायचा, आणि चांदसाहेब मीटरवर डोळा लावून बसायचे. बारा व्होल्टच्या तारेवरचा आकडा साडेअकराकडं घसरला की डबा नापास. पण त्यांची खरी मेख वेगळीच होती. ते सप्लाय कधी उघड्यावर तपासत नसत. त्याला पत्र्याच्या पेटीत घालायचे आणि वर झाकण लावायचे. "कॉम्प्युटरच्या पोटात काय माथेरान हाय का?" हा त्यांचा सवाल. गारव्यात कुणीही हजार वॉट देतं. उकाड्यात जो देतो तोच खरा, आणि उकाडा तर आपल्याकडं फुकट मिळतो.

"दुनियेचं दिवं लावता," बायको परवीन आतून ओरडायची, "आन् मोरीतला बल्ब गेलाय त्येचं काय?"

"त्यो तपासून आणायचाय," चांदसाहेब म्हणायचे. आणि मोरीत अंधार तसाच राहायचा.

असा हा माणूस. बढाईखोर म्हणा, पण बढाई मारावी असं त्याच्याजवळ एकच होतं, आणि ते अंगठ्याच्या पेराएवढं होतं.

सांगलीचा मदन चौगुले हा त्यांचा आयटीआयपासूनचा दोस्त. दोघांनी एका बाकावर बसून शॉक खाल्लेले. पुढं मदननं पक्कड टाकली आणि तागडी धरली. पेठेत त्याचं कॉम्प्युटरच्या मालाचं होलसेल दुकान झालं. चांदसाहेब माल त्याच्याकडूनच घेत, आणि नापास डबे त्यालाच परत पाठवत. मदन शिव्या घालत परत घेई. अशी ती अनेक वर्षांची गोड दोस्ती.

मग मदनला स्वतःच्या नावाचा माल काढायची हुक्की आली. डबे दिल्लीकडून कोरे आणायचे आणि वर आपलं नाव लावायचं. मुलगा जिनेश यानं पाच-सहा इंग्रजी नावं सुचवली. मदननं ती उडवून लावली आणि आपल्या आईचं नाव ठेवलं. अशा रीतीनं हजार वॉटच्या डब्यावर 'सुंदरी' असं लफ्फेदार अक्षरात छापून आलं. सुंदरीबाई हयात असत्या तर त्यांनी आधी ते खोक्यावरचं नाव पदरानं झाकलं असतं.

मुहूर्त अक्षय तृतीयेचा. मदननं फोन केला, "गड्या, पहिला डबा तू तपासायचास. दार घिऊन ये. शंभर यापाऱ्यांना बोलावलंय."

शंभर व्यापारी! चांदसाहेबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, दाढी कोरून घेतली, अत्तर लावलं आणि जीपच्या टपावर दार बांधून सांगली गाठली. पत्र्याची पेटी मात्र उंब्रजलाच राहिली. परवीननं दारातून आठवण केली होती. पण "मुहूर्ताला काय पेटी घिऊन जायचं? लोक म्हणतील न्हावी सुन्नतीला आलाय," असं काहीतरी बोलून ते निघाले होते.

दुकानापुढं मांडव. चौगुले जैन, म्हणून अक्षय तृतीयेला सगळ्यांना उसाचा रस. मदननं चांदसाहेबांना गादीवर बसवलं, हार घातला आणि माइकवर सांगितलं, "माझा दोस्त. ह्येनं पास म्हटलं की देवानं पास म्हटलं." चांदसाहेबांचे कान तांबडे झाले. त्यांनी दार उभं केलं, सुंदरी जोडली आणि पहिला बल्ब पेटवला. ऊन रणरणत होतं. एवढ्यात मदनची बायको गुणमाला पुढं आली आणि तिनं कोपऱ्यातला भला मोठा कूलर ओढून थेट चांदसाहेबांकडं वळवला.

"भाऊजी, किती घाम आलाय तुमाला."

ओल्या वाळ्याचा वास, गार वारा, समोर शंभर व्यापारी. एकेक बल्ब पेटत गेला. आकडा बारावरून हलेना. शेवटचा बल्ब पेटला तेव्हा टाळ्या पडल्या. डबा चांदसाहेबांच्या मांडीजवळ होता, आणि जो वारा त्यांच्या अंगावर येत होता तोच डब्याच्या अंगावरही येत होता. हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. पण गळ्यात हार असला की माणसाची मान खाली वळत नाही.

अंगठा उठला. मदननं तेवढ्यात एक पांढरा कागद पुढं केला. "ह्येच्यावर बी एक उठव. सगळ्या डब्यांवर छापतो. चालंल न्हवं?"

"छाप की रं," चांदसाहेब म्हणाले. "पुसतोस काय?"

पुढचे काही दिवस उंब्रजमध्ये त्यांच्याशिवाय कुणाला बोलायला मिळालं नाही. डब्यावर आणि खोक्यावरही चकचकीत स्टिकर, त्यावर त्यांचा अंगठा, प्रत्येक रेघ स्पष्ट, खाली 'तपासलेला माल'. ते खोकं त्यांनी हॉटेलात नेलं, सलूनमध्ये नेलं, मशिदीच्या पायरीवरही दोघांना दाखवलं. "आमदाराचा फोटू छापत्यात," ते म्हणाले, "पर नुसता अंगठा कुणाचा छापलाय दाखवा."

मे महिन्यात दहिवडीहून उत्कर्षा आली. ही माणदेशी मुलगी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. पत्र्याच्या खोलीत एक जंगी कॉम्प्युटर आणि भिंतीला टेबलफॅन, एवढा तिचा स्टुडिओ. कॉम्प्युटर चांदसाहेबांनीच बांधून दिलेला. जुना सप्लाय अपुरा पडतो म्हणून तिनं सांगलीहून सुंदरी आणून बसवली होती. आता तोच डबा तिनं काउंटरवर ठेवला. आतून जळक्या वासाचा भपकारा आला.

"चाचा, दुपारी व्हिडिओ तयार व्हायला रेंडरला लावला हुता. फाट्‌दिशी आवाज झाला. जाताना हार्डडिस्क बी घिऊन ग्येला."

"काय हुतं त्यात?"

"लगीन. गोंदवल्याच्या पाटलाच्या पोरीचं. सगळं शूटिंग." तिनं डबा पुढं सरकवला. "पोरीचा बाप म्हणतोय, आता पुन्यांदा लावू का लगीन?"

चांदसाहेब हसले नाहीत. उत्कर्षानं डबा उलटा केला. बुडाला स्टिकर.

"तुमी तपासला हुता न्हवं?" तिनं विचारलं. ती रागावून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ती गेल्यावर चांदसाहेबांनी पेठेतून आलेली दुसरी, कोरी सुंदरी काढली. पत्र्याच्या पेटीत घातली, झाकण लावलं, दाराला जोडली. निम्मे बल्ब पेटेपर्यंत आकडा बरा होता. पुढं तो उतरणीला लागला. पेटीचा पत्रा हाताला सोसेना झाला. आणखी दोन बल्ब लावले तसे सगळेच मालवले आणि पेटीतून धूर आला. बायको पाणी घेऊन धावत आली.

"वतू नगंस," चांदसाहेब म्हणाले. "मेला त्यो."

परवीन पेटीकडं बघत राहिली. "सांगलीत पेटी नेली असती तर?"

चांदसाहेबांनी पेटीचं झाकण काढलं. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला शेवटचा शब्द मिळाला होता, पण तिनं त्याचा आनंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जीपच्या टपावर दार. या वेळी पेटीसुद्धा. सांगलीच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. मदन गल्ल्यावरून उठून पुढं आला.

"आरं, सांगून यायचं! जेवूनच जा."

"जेवाय न्हाई आलो. एक डबा काढ. पेटीत घालतो, कूलर बंद कर, आन् ह्या समद्यांम्होरं लावूया."

मदननं चांदसाहेबांचा दंड धरून त्यांना गोडाऊनमध्ये नेलं. खोक्यांची छतापर्यंत रास, आणि रास भरून हिरवे अंगठे. स्वतःचाच अंगठा इतक्या वेळा बघून चांदसाहेबांनी हातातला अंगठा मुठीत दडवला.

"दहिवडीला फुटला," ते म्हणाले. "माझ्या हातात बी फुटला. ह्यो सहाशेला बी रडतोय मदन, आन् वर हजार लिवलंय. आईचं नाव लावलंयस रं त्येला."

"तू पास केलास," मदन म्हणाला.

"कूलरम्होरं केला."

"मग मी सांगितलं का तुला, कूलरम्होरं कर म्हणून? तपासणारा तू. मी दुकानदार माणूस, मला त्यातलं काय कळतंय?"

ते खरं होतं. पेटी त्यांनीच घरी ठेवली होती, वारा त्यांनीच खाल्ला होता. मान खाली घालून ते निघालेही असते. पण गुणमाला चहा घेऊन आली आणि दोघांची तोंडं बघून तिला वाटलं, कूलरवरून काही गैरसमज झालाय.

"भाऊजी, कूलर मी फिरवला हुता. मला कुठं कळतंय? ह्येंनीच खुणावलं, चांदला घाम आलाय, तिकडं फिरव म्हणून."

चांदसाहेबांनी हातात घेतलेली कपबशी न पिताच खोक्यावर ठेवली. बाहेर जिनेश कुणाला तरी गॅरंटी समजावून सांगत होता.

"मदन," चांदसाहेब हळू म्हणाले, "मला घाम आला हुता का रं?"

मदननं एका खोक्यावरची धूळ बोटानं पुसली. धूळ नव्हतीच.

"आला आसंल की," तो म्हणाला.

गुणमाला एकाकडून दुसऱ्याकडं बघत राहिली. आपण काय बोललो हे तिला कळलं नाही, पण काहीतरी सांडलं एवढं कळलं. ती ट्रे घेऊन परत गेली.

"स्टिकर काढ सगळी," चांदसाहेब म्हणाले.

"माल गेलाय गड्या. निपाणीपातूर गेलाय. आता काय गावोगाव हिंडून खरवडू?"

"माझा अंगठा हाय त्यो."

"अंगठा तुझाच हाय, मी कुठं न्हाई म्हणतोय? पर स्टिकर माझं हाय." आणि मग जुन्या आवाजात, खांद्यावर हात ठेवून, "आरं, इतकं काय मनाला लावून घेतोस? कोण हजार वॉट वडतंय खेड्यात? साताठ महिनं चालला तरी बास. च्या घे."

चांदसाहेबांनी चहा घेतला नाही. आयटीआयपासूनच्या आयुष्यात मदनचा चहा त्यांनी पहिल्यांदाच टाकला. जवळच्या खोक्यावरचं स्टिकर त्यांनी नखानं उकरून बघितलं. कोपरा फाटला, अंगठा निघाला नाही. मदननं निदान डिंक तरी चांगला वापरला होता.

तेव्हापासून दुकानात येईल त्याला ते बजावू लागले, सुंदरी घेऊ नका. ऐकणारे ऐकून घेत, आणि बाहेर पडल्यावर म्हणत, दोघांचं काहीतरी फाटलंय. सलूनवाल्यानं तर हिश्शावरून भांडण झाल्याची बातमी पक्की करून टाकली.

पावसाळा लागायच्या सुमारास रहिमतपूरहून बाळासो नावाचा गडी आला. फ्लेक्स छापायचं दुकान काढणार होता. मोठा कॉम्प्युटर बांधून हवा होता, आणि सप्लाय त्यानं आधीच आणला होता. खोकं काउंटरवर ठेवून तो ऐटीत म्हणाला, "ह्यो बसवा. चांगला बघून आणलाय."

"ह्यो न्हाई बसवत मी. दुसरा घ्या."

"का?"

"ह्यो जळतोय."

बाळासोनं खोकं उलटं केलं आणि स्टिकरवर बोट ठेवलं. "ह्यो अंगठा बघा. लय जणांनी सांगितलं, हिरवा अंगठा बघूनच घ्यायचा. तपासलेला माल हाय."

"आवं, त्यो अंगठा माझाच हाय."

बाळासोनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाठीमागचं बल्बांचं दार बघितलं, कळकट शर्ट बघितला. "तुमचा?" तो हसला. "मामा, आपला माल खपवायला काय बी सांगताय व्हय?"

चांदसाहेब मागं वळले. त्यांनी पेंटचा डबा उघडला, वरची साय बाजूला केली, अंगठा बुडवला आणि काउंटरवर खोक्याच्या शेजारी दाबून उठवला. मग हात मागं घेऊन उभे राहिले.

बाळासो वाकला. मोबाइलची बॅटरी लावून त्यानं आधी स्टिकर बघितलं, मग काउंटर बघितला. बराच वेळ तो दोन्ही अंगठे ताडून बघत होता. माणूस प्रामाणिक होता, आणि समजून घ्यायची त्याची तयारी होती.

"न्हाई मामा," शेवटी तो म्हणाला. "ह्येच्यातल्या रेघा बघा कशा सपष्ट हायत. तुमचा पसरलाय. रंग बी फिका हाय. तुमचा डुप्लिकेट हाय."

त्यानं खोकं बगलेत मारलं आणि तो कराडच्या बाजूला निघून गेला. तिथं बसवून देणारे पुष्कळ होते.

परवीन आतून आली. तिनं काउंटरवरचा ओला अंगठा बघितला आणि काही न विचारता टर्पेंटाइनचा बोळा पुढं केला. चांदसाहेबांनी आधी काउंटर पुसला. मग हात पुसायला घेतला, आणि नखाच्या कडेला राहिलेलं हिरवं निघेना म्हणून बराच वेळ ते तिथंच घासत बसले.