प्लॅटिनमची तार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सहकाऱ्यांना नाही. सत्कार समारंभांत तर दुसऱ्यांनी आपल्याबद्दल रचलेलं ऐकायचं असतं. स्वतःचं खरं सांगायला तिथे वेळच नसतो. तुम्हाला सांगतो आहे — न थांबता सांगायचं असं ठरवून. थांबलो तर पुन्हा काही वर्षं जातील, हा अनुभव आहे.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी फ्युएल सेलवर काम करतो. हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज करणारं हे यंत्र. त्याला उत्प्रेरक लागतो, आणि उत्तम उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम. तो महाग, म्हणून यंत्र महाग. प्लॅटिनम टाळावं म्हणून आम्ही निकेल आणि कोबाल्ट एकत्र करून मिश्रधातूचे नॅनोकण तयार केले. दिसायला काळी पूड. नुसत्या डोळ्यांना काजळीहून वेगळी वाटणार नाही.

ही पूड चालली. नुसती चालली नाही — वापरावी तितकी सुधारत गेली. आता तुम्हीच सांगा, वापरून सुधारतं असं जगात काय आहे? बिडाचा तवा. आम्ही मात्र तिला ‘स्वयंसक्रिय उत्प्रेरक’ असं भारदस्त नाव दिलं, शोधनिबंध छापला आणि मला शाल मिळाली. मग आणखी शाली. पुण्याच्या हवेत एवढ्या शालींचं करायचं काय, हे एकाही अध्यक्षाने भाषणात सांगितलेलं नाही.

वैशाली माझ्याकडे पीएच.डी. करत होती. लोणी काळभोरहून बसने यायची. तीच पूड मी तिला नव्याने बनवून मोजायला सांगितली. मोजायची रीत साधी आहे: पूड एका इलेक्ट्रोडवर लावायची, समोर द्रावणात प्लॅटिनमची तार बुडवायची आणि वीज सोडायची. त्या दिवशी तार दुसऱ्याच्या प्रयोगात अडकली होती. म्हणून तिने तारेच्या जागी ग्राफाइटची कांडी लावली.

“सर, काहीच येत नाहीये,” ती म्हणाली. “सुधारणं तर लांबच.”

मला कळलं. तिथेच, उभ्या उभ्या. तार विरघळत होती — अगदी कणाकणाने — आणि आमच्या पुडीवर जाऊन बसत होती. आम्ही निकेल-कोबाल्ट मोजतच नव्हतो. प्लॅटिनम मोजत होतो, आणि प्लॅटिनम लागत नाही म्हणून टाळ्या घेत होतो.

खात्री केली का? केली. दिवाळीच्या सुट्टीत, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी स्वतः कांडी लावून मोजलं. पूड मेलेली. तार लावली — हळूहळू उठून बसली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नाही.

इथवर ही चूक होती. या कामात इतरांकडूनही होते. कबूल केली की दुरुस्त होते. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मी म्हणालो, “वैशाली, तुझा हात स्वच्छ नाही. काहींचा नसतोच.” आमच्याकडे काचेची भांडी ॲसिडमध्ये उकळून घेतात, कारण साबणाचा अंश राहिला तरी उत्प्रेरक मरतो. तिथे हात स्वच्छ नाही म्हणणं म्हणजे आचाऱ्याला जीभ नाही म्हणणं. मागून कुणीतरी म्हणालं, “बसचा दांडा धरून येते ना, सर!” सगळे हसले. मीही हसलो.

ती एवढंच म्हणाली, “तार मोकळी झाली की पुन्हा करते, सर.”

तार मी तिला दिली नाही. का? दिली असती तर आकडे जुळले असते. मग तारेने जुळतात आणि कांडीने जुळत नाहीत, हे पाहून तिने संध्याकाळपर्यंत कारण ओळखलं असतं. तिचं डोकं चांगलं होतं — म्हणून मी तिला त्या कामावरून काढलं. रसायनं मागवायला बसवलं. वर्ष उलटायच्या आत तिने पीएच.डी. सोडली. मी अडवलं नाही.

अजून संपलेलं नाही.

मागच्या लग्नसराईत शनिवार पेठेतल्या एका कार्यालयात ती दिसली. सोबत नवरा आणि शाळेत जाणारी मुलगी. वाकून नमस्कार केला. नवरा म्हणाला, “सर, तुमचं नाव लई ऐकलंय हिच्याकडनं.” आणि ती — हसून, मनापासून — म्हणाली, “सरांनी वेळेत सांगितलं म्हणून बरं. नाहीतर नसलेल्या हातावर मी आणखी किती वर्षं घालवली असती!” मुलीच्या शाळेतले विज्ञानाचे प्रयोगसुद्धा तिचे बाबाच करून घेतात, म्हणाली. आपण हात लावत नाही. लावला की बिघडतं.

बोलायला याहून चांगली वेळ कुठली होती? मी म्हणालो, “अगं, त्यात काय!” आणि मठ्ठ्याचा पेला उचलला. तिचे आभार मी घेतले. शालीसारखेच.

शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहून झालं आहे, उद्या जाईल. संचालक काय म्हणतील, तेही ठाऊक आहे: “अहो, निवृत्ती तोंडावर आली असताना कशाला? तांत्रिक त्रुटी म्हणा की!” तांत्रिक त्रुटी म्हणणार नाही. पहिलं बरोबर मोजमाप कुणाचं होतं आणि ते कुणी दाबलं, हे दोन्ही नावांसकट लिहिलं आहे.

रविवारी लोणी काळभोरला जाणार आहे; लग्नानंतरही ती तिथेच राहते. फोनवर सांगणार नाही — फोनवर माणूस “असू द्या, सर” म्हणतो आणि आपण सुटतो. दारात उभा राहून सांगेन, तिची मुलगी घरात असली तरी सांगेन: तिने मोजलं ते बरोबर होतं. ते मला तेव्हाच माहीत होतं. मग ती दार लावून घेईल किंवा लावणार नाही. ते तिचं तिने ठरवायचं.