तारेतली कार्डं

पोस्टाची तिकिटं जमवणारा माणूस सभ्य असतो, असा लोकांचा समज आहे. चिमट्यानं तिकीट उचलायचं, भिंगातून शिक्का बघायचा, असा माणूस कुणाचं काय वाकडं करणार? मी सडक अर्जुनीत मास्तरकी करतो आणि हा समज मीही आनंदानं पोसत आलो.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक मावशी राहते. तिचा नवरा ट्रक चालवायचा. रायपूर, संबलपूर, विजयवाडा, जिथं मुक्काम पडेल तिथून तिला एक पोस्टकार्ड टाकायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण कार्डं तिनं जुन्या पद्धतीनं तारेत ओवून भिंतीला टांगलेली होती. तिला वाचता येत नाही. तेव्हा पोस्टमन वाचून दाखवायचा, आता ती नुसती कार्डं तारेवर वरखाली सरकवत बसते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या घरकुलाचं काम निघालं. सामान हलवताना ती तार घेऊन आमच्याकडं आली. "गुरुजी, हे तुमच्याइथं ठेवा जी. माह्या घरी सिमेंट-गिट्टीचा काम होऊन राहिला."

तार हातात घेतली आणि माझी लाळ गळाली. वाघाचं तोंड छापलेली पंधरा पैशांची कार्डं, तीसेक तरी. शाळेत आठ दिवसांनी मी टपालाचं प्रदर्शन भरवणार होतो आणि त्यात एक फळा रिकामाच होता.

"मावशी, यातली तिकिटं घेऊ का?"

"घ्या ना जी. जुन्या तिकिटाचं मले का करा लागते?"

तिला वाटलं, तिकीट चिकटवलेलं असतं, पाण्यात भिजवलं की सुटतं. कार्डावरचं तिकीट छापील असतं, ते कापूनच निघतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरीही मी कात्री घेतली आणि एकेका कार्डाचा कोपरा चौकोनी कापत गेलो. कोपऱ्यामागं निळ्या शाईत काही लिहिलेलं होतं, तेही कापलं गेलं. दिसलं नाही म्हणेन तर खोटं होईल.

प्रदर्शन छान झालं. काळ्या कागदावर वाघांच्या रांगा बघून मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. मी पोरांना हरकाऱ्यांपासून मोबाइलपर्यंत सगळं सांगितलं. रंगात येऊन हेही सांगितलं, की मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवत. तसं कार्ड आलं की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. वाचून झालं की ते बाहेरच फाडून टाकत, उंबऱ्याच्या आत ठेवत नसत. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. मला स्वतःच्या बोलण्याचं मोठं कौतुक वाटत होतं.

एवढं सांगूनही माझी ट्यूब पेटली नाही, याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

घर तयार झालं तेव्हा मी तार परत द्यायला गेलो. मावशी नव्या दारात उभी होती. तिनं हसत तार घेतली, सवयीनं पहिलं कार्ड सरकवलं आणि थांबली. कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला. मग दुसरं, तिसरं, पार शेवटपर्यंत.

"गुरुजी, हे तं मौतीचे कार्ड झाले जी. सारेच्या सारे." ती हळूच म्हणाली. "तो तं दर कार्डात बरा हाये म्हणून लिवत होता."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मावशी, तुम्हीच तर तिकिटं घ्या म्हणालात."

"हो जी. म्हटली होती." ती उंबऱ्याबाहेरच बसली. "एखादा तरी अख्खा रायला का? एक असला तरी पुरे."

होतं. जाणकार माणूस कार्ड कापत नाही, अख्खं ठेवतो, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून जवळच्याच कोहमाऱ्याच्या ठसठशीत शिक्क्याचं एक कार्ड मी न कापता, न विचारता, स्वतःच्या अल्बमसाठी काढून घेतलं होतं. आता ते आणून द्यायचं म्हणजे चोरी कबूल करायची.

"नाही," मी म्हणालो.

तिनं तारेतून एकेक कार्ड काढलं आणि पायरीवर बसून फाडलं. सगळी फाडून झाल्यावर तिनं हात धुतले आणि आत गेली.

घरी येऊन मी अल्बममधलं ते कार्ड पहिल्यांदा वाचलं. शेठचा माल घाईचा होता, गाडी थांबवता आली नाही, म्हणून पुढं कोहमाऱ्यात येऊन लिहितोय, असं त्यात होतं. सडकेवरून आपलं घर दिसलं. तू आंगणात धान वाळवत होतीस. हॉर्न वाजवला, तू पाहिलं नाहीस. मी बरा आहे.

काल मावशीनं चहाला बोलावलं होतं. जाताना ते कार्ड मी खिशात घातलं होतं. तिनं चहा दिला, शाळेचं विचारलं, भिंतीला रंग कोणता द्यावा ते विचारलं. मी चहा प्यालो आणि कार्ड तसंच खिशात घेऊन परत आलो.