साखळीचा अर्ज

गाडी सुटायच्या आधी काकाजी ट्रॉलीचा पुढचा दांडा दोन्ही हातांनी उचलून पाहत. सहज उचलला गेला की कपाळाला आठ्या. "नाक हलकं झालं. वजन समोर घ्या. नाही तं मांगून नाचते हे."

मग आम्ही सगळे, डॉक्टरसुद्धा, चष्म्यांची खोकी मागून पुढे सरकवत असू. तुमच्याही ओळखीत असा एखादा ड्रायव्हर असेल, ज्याच्यामुळे रोज उशीर होतो आणि ज्याच्यावर रोज चिडायला होतं.

आमचं डोळे तपासणीचं फिरतं पथक होतं. गाडी म्हणजे एक म्हातारी व्हॅन. आत झोपायच्या दोन फळ्या, एक शेगडी, एक पडदा. जंगलातल्या गावांत मुक्काम पडला की तेच आमचं घर. मागे दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडलेली, तिच्यात जनरेटर, तंबू आणि खोकी. मी चष्म्याचे नंबर काढायची. काकाजी जवळच्याच मुर्री गावचे; आयुष्यभर ट्रक चालवून मग आमच्याकडे आलेले.

सडक अर्जुनीच्या ढाब्यावर आम्ही चहा पीत असू तेव्हा ते ट्रॉलीच्या चाकांना तळहात लावून बघत. गरम लागली तर थंड होईपर्यंत निघणं नाही.

"काकाजी, गाडी आजारी आहे का?" मी चिडवायची.

"बुढी हाये, बाई. तिच्या मांगं पोट्टं बांधलं आपन. दमानं न्या लागते."

उतार आला की गाडी खालच्या गिअरमध्ये. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, शिव्या देत. काकाजी खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जाऊ देत. "ट्रॉलीले सोताचा ब्रेक नाही. तिचा बी आपल्यालेच लावा लागते." आणि ती डोलायला लागली तर? "मंग ब्रेक नोका मारू. पाय उचला फकत."

चष्मा मिळालेल्या म्हाताऱ्यांची खरी परीक्षा तेच घेत. अक्षरओळख नसलेल्या आजीला बाहेर उभं करून विचारत, "तारेवर किती पाखरं बसून राहिले, सांगा." आजीने पाच म्हटलं की स्वतः मोजत. सहा निघाली की मला हाक. "बाई, एक पाखरू गेलं तुमच्या नंबरात."

व्हॅन आणि ट्रॉली जोडणाऱ्या कडीखाली एक साखळी होती. कडी निसटली तर ट्रॉली धरून ठेवायला. ती झिजून गेली होती. काकाजींना लिहायचा कंटाळा, म्हणून नव्या साखळीचा अर्ज मी लिहिला, खाली त्यांनी सही करून कार्यालयात दिला. तीन आठवडे साखळी आली नाही. नवे साहेब मात्र आले. एका दिवसात दोन गावं झालीच पाहिजेत, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

त्या सकाळी सालेकसाच्या पुढच्या एका गावी जायचं होतं. साहेबांनी पाण्याने भरलेली टाकी ट्रॉलीत अगदी मागे ठेवायला लावली. काकाजींनी दांडा उचलून पाहिला आणि किल्ली खिशात टाकली.

"मी नाही नेत."

"चाळीस किलोमीटर तर आहे," साहेब म्हणाले.

"साखळी द्या. टाकी समोर घ्या. मंग नेतो."

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. गावात माणसं येऊन बसली असणार. शेवटी मीच काकाजींजवळ गेले. "काकाजी, आजचा दिवस चला. माझ्यासाठी."

"तुमी बी?" एवढंच म्हणाले आणि गाडीत चढले.

सालेकसाच्या पुढे उतारावर ट्रॉली डोलू लागली. काकाजींनी ब्रेक मारला नाही. पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं. गाडी सावरत आली होती, आणि खड्डा लागला. मागे कडी उडाल्याचा आवाज, पाठोपाठ साखळी तुटल्याचा. कडेने एक बाई मोहफुलांची टोपली घेऊन चालली होती. ट्रॉली उलटली ती तिच्या पायावर. आम्ही चौघांनी मिळून ती उचलली. पुढे तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी कार्यालयातच झाली. काकाजी म्हणाले, साखळी मी मागितली होती. फाइलमध्ये अर्ज नव्हता. साहेबांनी मला विचारलं, "असा काही अर्ज तुमच्या पाहण्यात आला होता?"

माझं कंत्राट त्याच महिन्यात वाढायचं होतं. काकाजी समोरच्या खुर्चीत बसले होते.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली नाही. त्यांना काढलं. माझं कंत्राट वाढलं.

मुर्री माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. आधी लाज वाटत होती, नंतर न जाण्याची सवय झाली.

दीड वर्षाने त्याच भागात आमचं शिबिर लागलं. ती बाई कुबडीवर आली. मी तिच्या डोळ्यांसमोर काचा बदलत होते, तेव्हा ती आपणहून बोलू लागली. "तुमचा तो बुढा डायवर दवाखान्यात यायचा मले भेटाले. मंग घरी बी आला दोन-तीनदा. म्हने, बाई, माहीच चूक झाली. मी नोको म्हनलो होतो, पन त्या नोकोवर टिकलो नाही."

मी दुसरी काच लावली. आता स्पष्ट दिसतं का, विचारलं.

"दिसते," ती म्हणाली. "लय दिवस झाले, आता काऊन येत नाही तो? बरा हाये ना?"

"बरे आहेत," मी म्हणाले.

तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.