रक्त कमी आहे

जीप चालवणाऱ्यासमोर लोक तोंड सांभाळत नाहीत. मागं बसलं की त्यांना वाटतं, पुढं नुसती पाठ आहे, कान नाहीत. बिलोलीकडच्या एका आरोग्य केंद्राला माझी जीप भाड्यानं लावली आहे. गरोदर बायांना तपासणीला न्यायचं, घरी आणून सोडायचं. शाळा मी फार शिकलो नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. त्यातलं आमच्या गावच्या सविताचं सांगतो.

*

सिस्टरनं सविताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली नव्हतीच. तिनं सासूला, गंगाबाईला जवळ बोलावलं.

"मावशी, पोरीच्या अंगात रक्त लई कमी आहे. पोटुशी आहे, जिवावर बेतंल."

"कमी कसं असंल?" गंगाबाई म्हणाली. "परवा विळ्यानं बोट कापलं, तर चांगलं भळाभळा आलं की."

सिस्टरनं रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या.

*

पुढच्या तपासणीला रक्त आणखी उतरलेलं.

"गोळ्या घेतेस का गं?"

सविता सासूकडं बघत राहिली.

"कोंबड्यायला चारल्या," गंगाबाई म्हणाली. "गोळीनं हिला परसाकडं काळं होऊन राहिलं. आतलं लेकरू काळं झालं म्हंजी?"

"आणि कोंबड्या?"

"त्या लई अंडी देऊन राहिल्या."

"अंडी तरी हिला देता का?"

"न्हाई. मारोती खातो. रानात खपतो त्यो."

मारोती म्हणजे सविताचा नवरा.

*

मग सिस्टर जेवणाच्या वेळेलाच त्यांच्या घरी गेली. मीही ओसरीवर बसलो. आधी गडीमाणसं जेवली, मग लेकरं, मग गंगाबाई. शेवटी सविता. तिच्या वाट्याला अर्धी भाकर आणि वरणाचं पाणी.

"मावशी, हिला आधी वाढा," सिस्टर म्हणाली.

"म्या बी अशीच जेवले. मेले का?"

मी कुणाच्या घरात बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

"गंगे, गाभण म्हशीला आधी पेंड घालतीस का न्हाई?"

"म्हस दूध देती, दादा."

*

सविताला कळा सुरू झाल्या तशी जीप नांदेडला घातली. बाळंत झाली आणि रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, रक्त द्यायला नातेवाईक पाठवा. दीर आणि चुलते चहा पिऊन येतो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मी बाही वर केली, तर वय बघून मला बाजूला काढलं.

मारोती भिंतीला टेकून उभा होता. "म्या दिलं तर माझं कमी होईल. नांगर कोण धरंल?"

"अंडी खाल्लीस न्हवं?" मी म्हणालो.

तो मान खाली घालून आत गेला. त्याची पिशवी भरेपर्यंत सविता राहिली नव्हती.

पोरगी जगली. गोरीपान होती.

*

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक खाली उतरेना. कावळा शिवल्याशिवाय कुणाला जेवता येत नाही. ऊन डोक्यावर आलं.

गंगाबाईनं हात जोडले. "सविता, तुझ्या लेकीला सांभाळते गं."

कावळा आला नाही.

मारोती म्हणाला, "दुसरी बायको करणार न्हाई."

तरी आला नाही.

"तिच्या आवडीचं काही तरी ठेवा," मी म्हणालो. "काय आवडायचं तिला?"

गंगाबाईनं मारोतीकडं बघितलं. मारोतीनं आईकडं.

"उरंल ते खायची," मारोती म्हणाला.