उजवीकडचा पाट

बाळराजे गेल्याचा निरोप घेऊन गिरगावातून त्यांचा माणूस आमच्या परळच्या चाळीत आला, तेव्हा आई दारात बसून तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, पदर डोक्यावर घेतला आणि गिरगावच्या दिशेनं वाकून मुजरा केला. मग खाली बसून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. डोळ्यांत टिपूस नाही. तो माणूस बिचारा अवघडून उभा... शेवटी मीच त्याला चहा करून दिला.

बाळराजांचं नि माझं नातं दूधभावंडांचं. घाटाखालच्या एका लहानशा संस्थानाचे ते युवराज, आणि मी तिथल्याच एका गिरणी कामगाराची मुलगी. वडील मुंबईत, आई गावी, मी तान्ही. राणीसाहेबांना दूध येईना म्हणून आईला राजवाड्यावर बोलावून घेतलं. तिथली रीत अशी की उजवीकडचं दूध बाळराजांचं आणि डावीकडचं दाईच्या लेकराचं. त्या वीतभर पोराला जवळ घेण्याआधी दाईनं मुजरा करायचा, पाजून झाल्यावर पुन्हा मुजरा. आई हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगायची. लहानपणी मी एकदा विचारलं, "आणि माका घेताना?" "तुका कसलो मुजरो गो?" म्हणून आई जी हसली, ते हसू मला अजून खुपतं.

वडील हयात असतानाच आम्ही मायलेकी परळला आलो होतो. पुढे संस्थान विलीन झालं, राजवाड्यात सरकारी कचेरी आली आणि बाळराजे गिरगावात भाड्याच्या तीन खोल्यांत राहायला आले. मला वाटलं, सुटलो! पण राज्य गेलं तरी रीत गेली नव्हती. दसऱ्याला त्यांच्याकडे शस्त्रपूजा व्हायची. शस्त्रं म्हणजे काय, एक तलवार आणि एक गंजलेला दांडपट्टा. मग पहिलं सोनं देवाला आणि दुसरं दूधआईला. घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान त्यानंतर. ते सोनं द्यायला ते दरवर्षी आमच्या चाळीचा जिना चढायचे. आईसाठी लुगडं असायचं. मी पहिल्या पगारातून तिला घेतलेलं लुगडं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होतं, आणि त्यांनी दिलेलं ती तिथल्या तिथे घडी मोडून नेसायची. आल्या आल्या आई त्यांना मुजरा करायची आणि ते आईला. आधी सरळ कोणी व्हायचं हे दोघांनाही ठरवता येत नसे, त्यामुळे आमच्या त्या एवढ्याशा खोलीत दोघं वाकलेलीच राहायची. मी मध्ये ताटं घेऊन खोळंबलेली.

जेवायला त्यांचा पाट ठरलेला, आईच्या उजव्या हाताला. राजवाड्यातून आलेला, पितळी फुलं ठोकलेला शिसवी पाट. वर्षभर तो भिंतीला खिळ्यावर टांगलेला असे आणि त्यावर कोणी बसायचं नसे. मी एकदा त्यावर बसून वह्या तपासल्या, तर आईनं दोन दिवस माझ्याशी धड बोलणं केलं नाही. मी आपली डावीकडे, साध्या पाटावर.

माणूस वाईट होता असं मात्र मला म्हणता येत नाही, आणि तीच तर पंचाईत. चळवळीच्या दिवसांत एका दसऱ्याला बसगाड्या बंद होत्या, तर गिरगावाहून चालत आले. पागोटं टॉवेलात गुंडाळून काखेत धरलेलं. जिन्याखाली उभं राहून त्यांनी ते डोक्यावर चढवलं. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "काय राजे, संस्थान तर घालवलंत, आता मुंबई तरी मिळवून द्या!" बाळराजे वर बघून म्हणाले, "ती तुम्हीच मिळवा हो. आम्हाला एक पागोटं सांभाळता सांभाळता घाम फुटतोय." अख्खी चाळ खूश.

त्याच संध्याकाळी मी शिवाजी पार्कवरच्या सभेहून उशिरा परतले. बाळराजे पाटावर बसलेले, ताट वाढलेलं. मी उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच आई कडाडली, "खंय रवलंस गो मेल्या? वाट बघून बघून जीव गेलो माझो!" लगेच बाळराजांकडे वळून मऊ, दरबारी आवाजात, "सरकार, जेवावं. निवतंय." ते मात्र हातातला वडा तसाच धरून आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दूधआई, मला जन्मात कोणी असं रागावलं नाही. आईसाहेबसुद्धा अहो म्हणायच्या. तुम्ही एकदा मला अरे म्हणा ना."

आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "जीभ झडेल माझी, सरकार."

ते हसले आणि जेवायला लागले. त्या रात्री मी किती खूश होते म्हणून सांगू! उजवी बाजू त्यांची, पाट त्यांचा, मुजरा त्यांचा, नवं लुगडं त्यांचं... पण आईच्या शिव्या माझ्या. या राजाला हव्या होत्या आणि मिळाल्या नव्हत्या. पुढची वर्षं मी त्यांना हसतमुखानं वाढलं ते त्या एका जोरावर.

महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी भाद्रपदात झोपेतच ते गेले. परवा दसरा झाला. मी शाळेतून आले तर आईनं पाट खिळ्यावरून काढून, पुसून उजवीकडे मांडलेला. पुढ्यात ताट, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं. मी येताना आणलेलं सोनं तिच्या हातात ठेवलं, पाया पडले. तिनं ते न बघताच मांडीवर ठेवलं. दिवेलागण झाली. शेजारीपाजारी येऊन सोनं देऊन गेले. आई जागची हलली नाही. आणि मग पोटच्या लेकाला हाक मारावी तशी एकदम त्या रिकाम्या पाटावर ओरडली,

"अरे झिला, खंय रवलंस रे मेल्या? वाट बघून बघून जीव गेलो माझो!"

आणि रडली... इतक्या आठवड्यांचं साठलेलं सगळं रडली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. लेकीनं करायचं ते सगळं केलं. पण खरं सांगते, माझे डोळे त्या पाटावर होते. एवढं एकच माझं होतं हो. तेही त्यांना गेलं, शब्द न् शब्द.

पाट अजून तिथेच आहे. आई तो खिळ्यावर टांगू देत नाही. आम्ही दोघी जेवायला बसतो, मी तिच्या डावीकडे.